माझ्यामागे सुवर्णा

१५ सप्टेंबर, सोमवार

आज परत तेच. डबा उघडायच्या आधी रंगनाथ विचारतात, "मॅडम, ठरलं का?"

नाही ठरलं. तीस तारखेपर्यंत सांगायचं आहे. आत्ता आहे तो पेन्शनचा फंडच ठेवायचा, की सरकारच्या नव्या खात्रीच्या पेन्शनमध्ये जायचं. गेलं की फंड आपल्या हातात राहत नाही. त्याबदल्यात महिन्याला ठरलेली रक्कम, महागाईप्रमाणे वाढणारी, मरेपर्यंत.

रंगनाथ रेल्वेच्या बुकिंग ऑफिसात माझ्याआधीपासून. युनियनचे. माणूस चांगला आहे. म्हणाले, "एकटं माणूस तुम्ही. शेअरबाजाराच्या भानगडीत कशाला पडता? ठरलेलं येईल, खाल, झोपाल."

एकटं माणूस. बटाट्याची भाजी संपवली आणि तिकिटाच्या खिडकीवर बसले. भुसावळकडची गर्दी होती.

१७ सप्टेंबर

परिपत्रक घरी आणून वाचलं. पहिल्यांदाच सगळं. आजवर पगारातून कापतात एवढंच ठाऊक होतं.

नव्या योजनेत माझ्यामागे पेन्शनचा काही हिस्सा जोडीदाराला. पण जोडीदार म्हणजे विधिवत लग्नाचा. तो नसेल तर मी गेले की पेन्शन संपली. फंडाचं तसं नाही. जे साठलं ते माझं, आणि माझ्यामागे उरेल ते मी ज्याचं नाव देईन त्याचं.

वाचून झाल्यावर सुवर्णाकडे बघितलं. जमिनीवर बसून शेवंती निवडत होती. ओली पाकळी नखाने काढायची, फूल टोपलीत. म्हणाली, "काय बघतीस?"

काही नाही म्हटलं.

इथे खोटं लिहायचं कारण नाही. अठरा वर्षं आम्ही एका घरात राहतो. आधी जेल रोडच्या खोलीत, आता या फ्लॅटमध्ये. तिचं फुलांचं दुकान, माझी नोकरी. लोकांना कधी भाडेकरू सांगितलं, कधी मैत्रीण. कॉलनीतल्या निम्म्यांना ती माझी मावसबहीण वाटते. आम्ही एकमेकींच्या कोण, हे आम्हीही कधी बोललो नाही. बोलायची वेळच आली नाही. आता एका कागदाने आणली.

१८ सप्टेंबर

फंड ठेवायचा. ठरलं. सुवर्णाला रविवारी सांगेन.

२१ सप्टेंबर, रविवार

सांगितलं. भांडण झालं.

आधी नीट ऐकलं तिने. मग म्हणाली, "म्हंजे माझ्यासाठी तू तुझी पक्की पेन्शन सोडणार?"

"तुझ्यासाठी नाही. मला पटतंय म्हणून."

"खोटं बोलू नको, यशे." चारचौघांत मला ताई म्हणते, घरात यशे. "तो बाजार पडला म्हंजे? तू म्हातारी, गुडघे गेलेले, आणि हातात काय नाय. मग तू माझं नाव लावलंस त्याचं मी काय करू? मला नको तुझे पैसे. माझं दुकान हाय."

मी म्हटलं दुकान भाड्याचं आहे. पत्रा आणि दोन बाकडी. पाठीचा मणका गेला की दुकान गेलं.

हे बोलायला नको होतं. ती उठली, चहाचा कप तसाच ठेवला आणि दुकानावर गेली. रविवारी दुपारी ती कधी जात नाही.

२३ सप्टेंबर

बोलत नाही. नवरात्रामुळे अंधारातच पंचवटीच्या फूलबाजाराला निघते, झेंडूचे क्रेट रिक्षात घालून परत. माझा डबा मात्र ओट्यावर भरलेला. पोळ्या, गवार. गवार मला आवडत नाही हे तिला माहीत आहे.

२५ सप्टेंबर

गवार.

२६ सप्टेंबर

विचार केला, तिचं बरोबर असेल का? मला भीती वाटत नाही असं नाही. बाबांना पेन्शन नव्हती. रामकुंडावर यजमानांनी दिलेल्या दक्षिणेवर सगळं आयुष्य. शेवटी आजारपणात औषध आणायचं तर आई माझ्या आणि दादाच्या तोंडाकडे बघायची. म्हणून तर मी रेल्वेच्या परीक्षेला बसले, तिशी आल्यावर. महिन्याच्या महिन्याला पगार, एवढंच हवं होतं.

आणि आता खात्रीचं समोर आलं तर मीच नको म्हणते.

पण खात्री कसली? मी जिवंत असेपर्यंतचीच ना. मी सत्तरीत गेले आणि ती उरली तर? माझी पेन्शन माझ्याबरोबर जाईल, आणि फ्लॅटच्या दारात कोण येऊन उभं राहील ते मला माहीत आहे. दादा वाईट नाही. पण येईल.

नाही. फंडच.

२८ सप्टेंबर, रविवार

सुवर्णा बोलली. कणीक मळता मळता, माझ्याकडे न बघता.

"तू मेल्यावर ते पैसे मला येणार ना? मग ते काय असतंय, कुठं असतंय, ते मला कळाया नको? नुसतं नाव लावून काय उपयोग? कोणी बी येईल आणि मला वेडी करंल."

मी म्हटलं, शिकवते.

"तुला येतं का?"

नाही येत. दोघी हसलो. मग तिने विचारलं, "आणि माझ्यामागं सृष्टीला जाईल का ते?"

सृष्टी तिची मुलगी. सुवर्णाला नवऱ्याने घरातून काढलं तेव्हा सहा वर्षांची होती, चांदवडला बापाकडेच राहिली. त्यांनी पुन्हा भेटू दिलं नाही. आता तिचं लग्नही झालं, तिथेच, म्हणे. सुवर्णा तिचं नाव वर्षा-दोन वर्षांतून एकदा घेते. आज घेतलं.

जाईल म्हटलं. तशी सोय करू.

३० सप्टेंबर

मुदत वाढली. नोव्हेंबरअखेरपर्यंत. रंगनाथ खूश. "बघा मॅडम, देवानेच वेळ दिला तुम्हाला."

माझं ठरलेलं आहे म्हटलं.

"ठरलेलं बदलता येतं म्हणून तर वेळ दिलाय."

५ ऑक्टोबर, रविवार

दसरा उरकला, सुवर्णाला उसंत मिळाली. आज दोघी फोन घेऊन बसलो. वीस वर्षांत माझ्या पैशाचं काय झालं ते पहिल्यांदा नीट बघितलं. बरं झालं आहे की! मी काही न करता. सरकारने जिथे आपोआप घातले तिथेच पडून होते.

आता आपोआप नको. कोणत्या कंपनीने सांभाळायचे ते मी निवडू शकते. शेअरमध्ये किती, रोख्यांत किती, तेही. एक पर्याय असा आहे की वय वाढत जाईल तसा शेअरचा वाटा कमी होत जातो. मला तो पटला. म्हातारपणी धावपळ नको.

सुवर्णाला रोखे म्हणजे काय ते तीनदा सांगितलं. "सरकारला उसने दिले, असं समज." चौथ्यांदा बघितलं तर भिंतीला टेकून झोपलेली. तोंड उघडं. उठवलं तर म्हणते, "तू सांग, मी हो म्हणते." असं चालणार नाही म्हटलं. परत पहिल्यापासून.

८ ऑक्टोबर

पसंती भरली. ऑफिसमधूनही मंजूर होईल म्हणाले. बटण दाबायच्या आधी सगळं परत एकदा वाचलं. दाबलं.

१२ ऑक्टोबर, रविवार

आज वारसाचं नाव. माझे आई-वडील नाहीत, नवरा-मुलं नाहीत, तेव्हा कोणाचंही देता येतं. तिचं नाव लिहिलं, जन्मतारीख लिहिली. पुढे रकाना: नातं.

यादी खाली खाली सरकवली. पती, मुलगा, मुलगी, आई... शेवटी "इतर".

सुवर्णा खांद्यावरून बघत होती. "इतर म्हंजे?"

"म्हणजे बाकीच्यांत."

ती हसली. मला हसू आलं नाही. पण तेच निवडलं. दुसरं काय निवडणार होते?

१५ ऑक्टोबर

वकीलबाईंकडे जाऊन आले, रंगनाथच्या ओळखीच्या. त्या म्हणाल्या, वारस म्हणून नाव दिलं म्हणजे मालकी दिली असं नाही. भाऊ उद्या हक्क सांगू शकतो. मृत्युपत्र करा. फ्लॅट, फंड, सगळं स्पष्ट लिहा.

करा म्हटलं. दोन साक्षीदार लागतील.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज

पंचवटीला गेले. ओवाळलं. वहिनींनी अनारसे केले होते. कुंभाची कामं चालू आहेत, सगळे रस्ते उकरलेले, रिक्षा लांबच सोडावी लागली. दादा त्याच गोष्टीवर बोलत होता — तेव्हा यजमान किती येतील, कुठे उतरवायचे. मग एकदम म्हणाला, "तुमच्यात त्या पेन्शनचं काय चाललंय म्हणे? पेपरात होतं."

मी सांगितलं. फंड ठेवला. वारसाचं नाव कोणाचं तेही सांगितलं. दुसरीकडून कळण्यापेक्षा बरं.

दादाने हातातला अनारसा खाली ठेवला.

"फुलवालीचं?"

"सुवर्णाचं."

"आणि गौरांग? सख्खा भाचा आहे तुझा. उद्या तू अंथरुणाला खिळलीस तर तोच बघणार ना तुला?"

गौरांग पुण्याला असतो. गोड मुलगा आहे. वर्षातून दोनदा फोन करतो. हे मी बोलले नाही. म्हटलं, "दादा, माझं गर्भाशय काढलं तेव्हा दवाखान्यात अकरा दिवस कोण होतं?"

"मी आलो होतो."

"आला होतास. नारळपाणी घेऊन. ती होती. माझं बेडपॅन तिने उचललं."

दादा हळूच, जरा लाजल्यासारखा म्हणाला, "लोक काय म्हणतील, यशू? आपलं घर कसलं, आपला मान कसला."

"अठरा वर्षांत लोक काय ते म्हणून मोकळे झाले असतील. तुलाच आज ऐकू आलं."

फार कडक बोलले का? बोलले. पण आवाज चढवला नाही. ओवाळणीचं पाकीट त्याने दिलं, मी घेतलं. पायरीपर्यंत सोडायला मात्र आला नाही. वहिनी आल्या. हातात डबा दिला, म्हणाल्या, "दोघींना पुरतील एवढे आहेत." आणि पटकन आत गेल्या.

सुवर्णाने अनारसे खाल्ले आणि विचारलं, दादा काय म्हणाला. काही नाही म्हटलं. तिला कळलं.

१ नोव्हेंबर, शनिवार

मृत्युपत्र झालं. सगळं सुवर्णाला, तिच्यामागे सृष्टीला. साक्षीदार म्हणून खालच्या मजल्यावरचे डॉक्टर आणि रंगनाथ. रंगनाथने सही करायच्या आधी चष्मा पुसला. "मॅडम, मला अजून तुमचं पटत नाही."

"सहीला पटायला लागत नाही. मी शुद्धीवर आहे ना, एवढंच सांगायचंय तुम्ही."

"तेवढं मात्र आहात," म्हणाले आणि सही केली. नंतर त्यांना चहा पाजला. खरं तर त्यांनी इतकं मागे लागून विचारलं नसतं तर मी परिपत्रक वाचलंच नसतं.

६ नोव्हेंबर

बाजार पडला. ऑफिसमध्ये पोरं फोन बघून हळहळत होती. मीही बघितलं. फोन पर्समध्ये ठेवला आणि खिडकी उघडली. मला पैसे अजून नऊ वर्षांनी लागणार आहेत. आज पडला तर आज कुठे काढायचे आहेत?

९ नोव्हेंबर, रविवार

सृष्टीचा फोन आला.

सकाळी. अनोळखी नंबर. सुवर्णाने उचलला, "बोला, फुलं कोणती पाहिजे" म्हणाली. मी स्वयंपाकघरातून बाहेर आले तर ती खुर्चीत बसलेली, फोन कानाला, आणि नुसती हं, हं. बराच वेळ.

सृष्टीचे दिवस भरत आलेत. सासू नाही. बाप गेल्या वर्षी वारला — आम्हाला पत्ताच नाही. त्याच्यामागे आत्याकडून तिने हा नंबर मिळवला. म्हणाली, "आई, तू येशील का?"

सुवर्णाने मला एवढंच सांगितलं. "आई म्हणाली मला." परत परत तेच.

११ नोव्हेंबर

सकाळच्या एसटीने गेली. बाळंतपण होईपर्यंत राहील. आधी कपड्यांची पिशवी भरली, मग ती उपसून डिंकाचे लाडू भरले. दुकान तिच्या चुलतभावाच्या सुनेला सांगितलंय. बस हलली तेव्हा ती खिडकीतून काहीतरी म्हणाली. गॅस, असं वाटलं. गॅस बंद कर.

१४ नोव्हेंबर

गवार केली. खाल्ली.

१९ नोव्हेंबर

रोज संध्याकाळी फोन येतो. घर मोठं आहे म्हणे, जावई कांद्याच्या आडतीवर आहे, अबोल पण नीट आहे. सृष्टी घरातच ब्लाउज शिवते. "हात माझ्यासारखे हायेत तिचे." अठरा वर्षांचं बोलणं दोघींचं चाललंय. मधेच रडणं. मधेच मुलीने तोंडावर विचारलं, "मला सोडून का गेलीस?" सुवर्णाने सगळं सांगितलं. मग दोन दिवस मुलगी धुमसत होती. मग म्हणाली, "वेणी घालून दे."

मी ऐकते. मला आनंद होतो. खरंच होतो. फोन ठेवला की घर मोठं होतं.

२४ नोव्हेंबर

मुलगी झाली. दोघी सुखरूप. ऑफिसात पेढे वाटले. रंगनाथने विचारलं, "कोणाला झाली?"

"आमच्या सृष्टीला."

त्यांनी पुढे काही विचारलं नाही. पेढा मात्र दुसऱ्यांदा घेतला.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

फोनवर ती आज आडून आडून बोलत होती. थंडी कशी आहे, दूध नीट घेतीस का. शेवटी मी म्हटलं, "सुवर्णा, बोल."

"यशे, मी इथं राहते म्हणाले. पोरीला कामाला बसायचंय, लेकरू कोण सांभाळणार? तिनं विचारलं आणि तोंडातून हो निघून गेलं. तुला आधी विचाराया पाहिजे होतं."

"किती दिवस?"

"दिवस नाय गं." मग म्हणाली, "तुला राग आला?"

नाही म्हटलं. राग नव्हता. कोणावर येणार? मुलीवर, जिला आई अठरा वर्षांनी मिळाली? म्हटलं, रहा. तुझं सामान पाठवते. ती म्हणाली सामान राहू दे. मग ती रडली, मी नाही. फोन ठेवल्यावर कपाट उघडलं. तिच्या चार साड्या. बंद केलं.

२९ नोव्हेंबर, शनिवार

ऑफिसात कळलं. मीच सांगितलं असावं, डबा उघडला नाही म्हणून. रंगनाथ बाजूला आले. हळू आवाजात, मनापासून बोलले. "मॅडम, उद्या शेवटची तारीख. राग मानू नका. ज्यांच्यासाठी फंड ठेवलात त्यांना आता त्यांचं माणूस मिळालं. तुमचं काय? खात्रीचं घ्या. पाच मिनिटांचं काम आहे, मी बसतो तुमच्याबरोबर."

त्यांचं बोलणं चुकीचं नव्हतं. महिन्याभरापूर्वी मीच दादाला विचारलं होतं, दवाखान्यात माझ्याजवळ कोण होतं. आज ती घरात नाही.

पण मी फंड तिने राहावं म्हणून ठेवला नव्हता. तिच्या म्हातारपणी तिला कुणापुढे हात पसरावा लागू नये म्हणून ठेवला. ती चांदवडला म्हातारी झाली तरी म्हातारीच होणार ना. मुलगी चांगली आहे, जावई चांगला आहे. तरी स्वतःचं असलेलं बरं. हे मला माझ्या आईच्या डोळ्यांनी शिकवलंय.

"नाही," म्हटलं. "आहे तसंच. नावही तेच."

रंगनाथने मान हलवली. मग म्हणाले, "डबा तरी उघडा."

३० नोव्हेंबर, रविवार

मुदत संपली. दिवसभर घरात होते. फरशी पुसली. कोणाला फोन केला नाही.

४ डिसेंबर

मनमाडला बदलीचा अर्ज दिला.

रंगनाथ म्हणाले, "नाशिक रोड सोडून मनमाड कोण मागतं, मॅडम? पाण्याचे हाल तिकडे."

मी मागते म्हटलं. तिथून चांदवड बसने पाऊण तास. सुवर्णाला अजून सांगितलं नाही.